चौरागडचा हंगाम

वर्धा, रामनगर
२२ ऑक्टोबर १९५६

चि. नरहर यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. त्यात 'या वयात' हे शब्द दोनदा आलेत. कार्डावर जागा मुळात कमी, म्हणून विचारते, एकदा लिहून भागलं नसतं का?

एप्रिलात शाळा सुटल्यापासून हेच ऐकते आहे. निरोपसमारंभाला शाल दिली, नारळ दिला आणि कमिटीचे महादेवराव भाषणात म्हणाले की आता बाईंनी विश्रांती घ्यावी. ज्यांनी इतक्या वर्षांत माझ्या शाळेला एक धड फळा दिला नाही, ते मला विश्रांती द्यायला निघाले. आता दूधवालाही विश्रांती घ्या म्हणतो. मला वाटलं होतं, निदान माझा धाकटा भाऊ तरी असं काही म्हणणार नाही.

तर पुन्हा लिहिते, नीट वाच. मला चौरागडावर जायचं आहे. वरपर्यंत, पायी, तुझ्याबरोबर.

आंजीला आपल्या दारावरून महादेवाचे लोक पचमढीला जायचे ते आठवतं का? खांद्यावर त्रिशूळ, पाठीला पडशी आणि तोंडात गाणी. आपण त्यांच्या मागे धाम नदीपर्यंत जायचो. एका वर्षी तू वाळूत बसकण मारलीस आणि घरी यायला तयार होईनास. त्यांच्यातली एक म्हातारी वाकून तुला म्हणाली, पोरा, मोठा हो मंग येजो, डोंगर कुठी पळून नाई जात. तू विचारलंस, ताईले आणू का. तेव्हा तू असाच बोलायचास आणि बाबा रागवायचे. पुढे त्यांनी मला नागपूरला कॉन्व्हेंटात धाडलं. तिथे मी ताठ बसायला आणि काट्यानं भात खायला शिकले. तुला मात्र जंगलखात्याची नोकरी लागली ती थेट त्या डोंगरासमोर. दर शिवरात्रीला तू बोलावलंस आणि दर शिवरात्रीला माझ्यापुढे परीक्षेचे कागद होते.

आता माझ्यापुढे कागद नाहीत आणि तू चैत्रात पचमढी सोडून मुलाकडे, केशवकडे, जबलपूरला जाणार. म्हणजे हा एकच हंगाम उरला. कोणता महिना बरा, वाटाड्या कोण, मी इथे तयारी काय करावी, हे सविस्तर कळव. सौ. यशोदेला आशीर्वाद. माझ्यावर लोभ असू दे, काळजी नको.

तुझी,
ताई


पचमढी
१ नोव्हेंबर १९५६

ती. ताईच्या चरणी शि. सा. नमस्कार.

हे पत्र तुला परराज्यात येत आहे. काल संध्याकाळपर्यंत आपण एकाच राज्यात होतो. आज सकाळी उठलो तर तू मुंबई राज्यात गेलेली. तिकडच्या सरकारनं तुझ्या टपालाची नीट व्यवस्था ठेवावी, नाहीतर त्यांचं कठीण आहे.

तू हंगाम विचारलास. सध्या पाऊस रेंगाळल्यामुळे वाटेवर शेवाळ आहे, ते लवकर वाळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर दंव गोठतं आणि छाती धरते. शिवरात्रीला जत्रा, त्या गर्दीत तुला कोणाचा धक्का लागला तर धक्का देणाऱ्याची मला काळजी वाटते. जत्रेनंतर मोह फुलतो आणि मोहाला अस्वलं येतात. त्यापुढे ऊन, उन्हापुढे पाऊस. खरं सांगायचं तर चौरागडाला बरा असा हंगाम निघतच नाही.

वाटाड्या म्हणशील तर ओमप्रकाश आहे. तो कोणा मेजरचा जुना खाकी कोट घालतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की आपण एका लाटसाहेबाला वर नेलं होतं. त्याला तुझं सांगितलं. त्यानं तुझं वय विचारलं, वजन विचारलं, दमा आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, सगळं विचारलं आणि म्हणाला, माताजी को धूपगढ दिखा देंगे, मोटर वहाँ तक जाती है, सूरज वही का वही है.

मलाही हे पटतं. तू ये, चार दिवस राहा, धूपगडावर मोटारीनं जाऊ आणि सूर्यास्त बघू. चौरागड तिथून समोर दिसतो. दिसला म्हणजे झालं. आंजीच्या वाळूतलं तुला अजून आठवतं याचं नवल वाटलं. मला ती म्हातारी आठवते, तिच्या कपाळावरचं गोंदणही आठवतं.

सौ. यशोदा नमस्कार सांगते. रागावू नकोस आणि रागावलीस तर पत्रानं रागाव, मौन धरू नकोस.

तुझा,
नरहर


वर्धा
२८ नोव्हेंबर १९५६

चि. नरहर यास आशीर्वाद.

मौन धरणं मला कधी जमलेलं नाही, तेव्हा चिंता नसावी.

वर्षाचे बारा महिने तू निकालात काढलेस. शेवाळ, दंव, गर्दी, अस्वलं. सरकारनं तुला जंगलात नोकरी दिली ती तू जंगलाला भिऊन केलीस, असं दिसतं. मीच महिना ठरवते. जत्रा उठल्यावर आणि मोह फुलायच्या आत, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर लगेच. तेव्हा तुझं शेवाळ वाळलेलं असेल, दंव गेलेलं असेल आणि अस्वलं अजून उपाशी पण दूर असतील. सूर्यास्त मला वर्ध्यातही दिसतो, त्यासाठी मोटार लागत नाही.

तयारी तू सांगितली नाहीस, म्हणून मीच सुरू केली. रोज सकाळी पवनारच्या वाटेनं चालते आणि गुरुवारी त्या वाटेवर बाजाराची गर्दी असते म्हणून टेकडी चढते. सोबत जिजाबाई असते, माझ्याकडे भांडी-धुणं करते ती. दसऱ्याला नागपूरला जाऊन ती दीक्षा घेऊन आली. तेव्हापासून मान अशी ताठ की आमच्या सिस्टर पाहून खूश झाल्या असत्या. तिला मी डोंगराचं सांगितलं तर म्हणाली, बाई, त्या देवाशी माहं आता काई देणंघेणं नाई, पण चालाले येतो.

परवा काय झालं ते ऐक. पवनारच्या पुढे, सेलूच्या अंगाला, एका म्हाताऱ्यानं आम्हाला पाहून बैलगाडी थांबवली. खाली उतरून त्यानं हात जोडले. म्हणे, मले वाटलंच तुम्ही येसान म्हणून, बाकीचे येऊन गेले तवा मी बाजाराले गेलतो. नाल्याकाठचा दोन एकराचा तुकडा आहे, तेवढा लिहून घ्या. माझ्या ध्यानात आलं की हा मला भूदानवाली समजतो आहे. पांढरं पातळ, हातात काठी आणि सकाळी सकाळी पायी चालणारी बाई, तिला या भागात दुसरं कोणी काय समजणार? मी म्हटलं, मी जमीन मागत नाही, मी डोंगर चढायची सवय करते आहे. त्याला ते मुळीच पटलं नाही. वावर दगडाचं आहे म्हणून काऊन नाई म्हणून राह्यल्या, असं त्यानं मलाच दटावलं. तेवढ्यात जिजाबाई पुढे झाली. तुकडा नेमका कुठे, नाल्याला पाणी किती दिवस राहतं, हे तिनं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, बाईले नको असन तं मले द्या, मी दगड वेचतो. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि बैलाले ऊन लागून राह्यलं म्हणत गाडी हाकली. जिजाबाई वर्धा येईपर्यंत हसत होती. मला हसू आलं नाही.

तर तयारी अशी चालू आहे. धापही कमी लागते. ओमप्रकाशला सांग, वजन विचारायचं ते त्याच्या लाटसाहेबाला विचार. मार्चात येते. लोभाबद्दल काही लिहीत नाही, तो तुझ्याकडून गृहीत धरला आहे.

ताई


पचमढी
११ डिसेंबर १९५६

ती. वन्संच्या चरणी सौ. यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

एरवी मी तुम्हाला वेगळं पत्र लिहीत नाही, आज लिहिते आहे, म्हणून आधीच माफी मागते. ह्यांना ठाऊक नाही.

श्रावणात बाजारातून येताना चढावर ह्यांच्या छातीत कळ आली आणि हे रस्त्यातच खाली बसले. लोकांनी उचलून घरी आणलं. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. सपाटीवर सावकाश फिरा, चढ बिलकुल नाही. ह्यांनी मला शपथ घातली की ताईला कळवायचं नाही. ताईनं कडेवर घेऊन वाढवलं, तिला काय लिहू, की मला बाजाराचा चढ चढवत नाही, असं म्हणाले.

तुम्हाला शेवाळ आणि अस्वलं लिहितात ती सगळी स्वतःपायी. मला वाटलं, तुम्ही ऐकाल आणि प्रकरण मिटेल. पण तुमचं मागचं पत्र आल्यापासून उलटंच झालं आहे. पेटीतून जुने बूट काढून तेल लावून ठेवलेत. परवा म्हणाले, ताई येणारच म्हणते तर मी तिला ओमप्रकाशच्या भरवशावर सोडणार नाही, जायचं तर दोघांनी, मग होईल ते होवो. वन्सं, हे चढतील. मी आडवी पडले तरी चढतील.

तुम्ही येऊ नका असं लिहायला मी दोनदा बसले. पण ज्या दिवशी तुमचं पत्र येतं त्या दिवशी हे पोटभर जेवतात, मोठ्यानं वाचून दाखवतात, आंजीच्या गोष्टी सांगतात. एरवी ओट्यावर बसून दुर्बिणीतून चौरागड बघत राहतात. तेव्हा येऊ नका असंही मला लिहवत नाही आणि या असंही लिहवत नाही. तुम्हीच काय ते ठरवा. उत्तर शेजारच्या लीलाबाईंच्या पत्त्यावर पाठवा. त्यांना विश्वासात घेतलं आहे.

आपली माया आहे तशीच राहो.

सौ. यशोदा


वर्धा
१९ डिसेंबर १९५६

सौ. यशोदेस आशीर्वाद.

माफी कसली मागतेस? शपथ मोडायची असते तेव्हा ती मोडावीच लागते. श्रावणात मोडली असतीस तर अधिक बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. नरहरचा आला, डॉक्टरचा आला, आणि मी इथे टेकडी चढत होते आणि तो तिथे बुटांना तेल लावत होता याचा फार आला. दोन दिवस मी फिरायला गेले नाही. जिजाबाईनं विचारलं तर तिच्यावरही ओरडले. ती म्हणाली, बाई, तुम्हाले रडू आलं तं रडा, माह्यावर काऊन काढता.

मी येते. मी येत नाही असं कळवलं तर तो मुकाट्यानं ऐकेल, बूट परत पेटीत ठेवील आणि त्या दिवसापासून खराखुरा आजारी माणूस होऊन बसेल. त्याला मी ओळखते. आणि मी येऊन एकटी चढले तर तो मागून येईल. म्हणून एक कर. डॉक्टरांना गाठून विचार, की डोलीत बसून, सावकाश, ऊन चढायच्या आत नेलं तर चालेल का. खरं काय ते विचार, माझ्या समाधानासाठी काही पदरचं घालू नकोस.

डोली माझ्यासाठी आहे असं मी त्याला लिहीन. स्वतःसाठी तो डोलीत पाय ठेवणार नाही. माझ्या डोलीत त्याला कसं बसवायचं ते माझं मी पाहीन. चाळीस मुलींच्या वर्गाला मी पालकाची भाजी खायला लावलेली आहे.

तुझी,
पद्माताई


पचमढी
३ जानेवारी १९५७

ती. वन्संना सा. न.

घाईत लिहिते. डॉक्टर म्हणाले, डोलीत बसून गेले तर हरकत नाही, उलट मन रमेल. दंव संपल्यावर न्या, उन्हाच्या आत परत आणा. पण देवळापुढच्या शेवटच्या पायऱ्या फार उभ्या आहेत आणि डोली तिथवर जात नाही, सगळेच तिथून पायी जातात. त्या पायऱ्या ह्यांनी चढायच्या नाहीत, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

म्हणजे ह्यांना वरचं देऊळ काही घडायचं नाही. तुम्हाला तेवढं ठाऊक असावं म्हणून लिहिलं. लीलाबाईंचा नमस्कार.

सौ. यशोदा


वर्धा
९ जानेवारी १९५७

चि. नरहर यास आशीर्वाद.

तुला हसायला आवडेल अशी बातमी आहे. टेकडी उतरताना माझा पाय घसरला आणि उजवा गुडघा गेला. सूज उतरली आहे, पण चढावर जीव जातो. झालं तुझ्या मनासारखं. आता कार्डावर काय लिहायचं ते लिही.

मी बेत मोडत नाही. बेत माझ्या गुडघ्याला बेतून घे, एवढंच. डोली ठरव. माणसं चांगली बघ, पण धावणारी नकोत, मला हिसके सोसत नाहीत. महादेवाच्या गुहेपर्यंत मोटार जाते तेवढी मोटारीनं जाऊ. तिथून निघायचं ते ऊन कोवळं असताना. जिथे सावली तिथे थांबायचं, जिथे पाणी तिथे थांबायचं, आणि मला थांब म्हणावंसं वाटलं की तिथेही. तू डोलीच्या बाजूनं चालशील. तुझ्यासारख्या काटक माणसाला ती चाल कंटाळवाणी होईल, पण बहिणीसाठी एवढं सोस.

कोणाला सांगू नकोस. विशेषतः ओमप्रकाशला तर माझं दुखणं चघळायला मिळू नये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


पचमढी
२४ जानेवारी १९५७

ती. ताईस शि. सा. न.

गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. हसलो नाही. यशोदा साक्षीला आहे.

आता सगळं माझ्यावर सोपव. बेत असा आखला आहे. तू शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात पिपरियाला उतर, इटारसीला गाडी बदलायची हे लक्षात ठेव. दोन दिवस घरी विसावा, हवेची सवय होऊ दे. तिसऱ्या दिवशी निघायचं. कानाला लोकरीचं काहीतरी असावं, पोटात पेज असावी, जवळ गूळ आणि भाजलेले शेंगदाणे असावेत. कॉन्व्हेंटातले चामड्याचे बूट आणू नकोस, कापडी आण. बोलत चढायचं नाही. हे तुला जड जाईल, पण तू बसूनच असशील, तेव्हा बोललीस तरी चालेल.

ओमप्रकाशला सांगावं लागलंच. त्यानं पुन्हा वजन विचारलं. मी बरंच कमी सांगितलं, नाहीतर डोली उचलणारे कहार बिचकले असते. तो म्हणाला, लाटसाहेब भी डोली में ही गए थे. मागच्या वेळी हेच लाटसाहेब घोड्यावर होते.

खूप दिवसांनी काहीतरी काम हाती आल्यासारखं वाटतं आहे. लवकर ये. वाट बघण्याखेरीज इथे दुसरा धंदा नाही.

तुझा,
नरहर


पचमढी
२१ मार्च १९५७

ती. ताईच्या चरणी शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड आलं. तू गेल्यापासून घर फार मोठं झालंय. यशोदा सामान बांधते आहे आणि मी तिच्या पायांत येतो आहे. म्हणून ओट्यावर येऊन हे लिहितो.

डोलीत बसलीस तेव्हा शाळेच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होतीस. कहार सारखे म्हणत होते, माताजी, ज़रा ढीली बैठिए. दुसऱ्या वळणावर तुला घेरी आली, पोटात डचमळलं, आणि तू उतरलीस. डोली रिकामी चालली. तेव्हा महादेवाच्या वाटेनं रिकामी डोली वर न्यायची नसते, हा नियम तू उभ्या उभ्या काढलास. आपल्या घरात असल्या नियमांवर सर्वांत जास्त तोंडसुख तूच घेतलेलं आहेस. पण ओमप्रकाशनं लगेच मान डोलावली, कहारांनी हात कपाळाला लावले आणि मी आत बसलो. तू बाजूनं चालत होतीस. आंजीची, बाबांची, कॉन्व्हेंटातल्या भाताची गोष्ट सांगत होतीस. लंगडायचं तू कधीच विसरून गेली होतीस.

शेवटच्या पायऱ्यांशी डोली टेकली. मी उठलो. खरं सांगतो, तेव्हा मी चढणार होतो. तू एका दगडावर बसलीस, दोन्ही हातांनी गुडघा धरलास आणि म्हणालीस की आता एक पाऊलही टाकवत नाही. ओमप्रकाश आधार द्यायला आला, त्याला तू इंग्रजीत झापलंस. मग मीही बसलो. आपण दशम्या आणि जवसाची चटणी खाल्ली. वर घंटा वाजत होती. त्रिशूळ घेऊन लोक जात होते, येत होते. केवढा वेळ बसलो आपण तिथे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या डोंगरावर मी एवढा वेळ कधी बसलो नव्हतो.

आता लिहायचं ते लिहितो. तुझं गुडघ्याचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. हात मोडला असताना डाव्या हातानं तू वार्षिक परीक्षेचे कागद तपासलेस, आणि मला महिन्यानं कळवलंस, तेसुद्धा अक्षर वाईट आल्याबद्दल. ती ताई गुडघा दुखतो म्हणून डोली मागते. डॉक्टर सांगत होता तोवर मला माझं दुखणं खरं वाटलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि खरं वाटलं. मी घाबरलो. मग यशोदेचा राग आला, तुझा आला. मग वाटलं, ताई माझ्यासाठी दुबळी व्हायला तयार झाली, तर मला डोलीत बसायला काय होतं?

एकच रुखरुख आहे. वर जायची हौस तुझी होती आणि पाय धड होते. पुढच्या थंडीत तू ये. मी जबलपुरात असेन, पण ओमप्रकाश तुला वर नेईल, मी त्याला सांगून ठेवतो. माझ्यापायी तुझं राहिलं असं व्हायला नको. एवढं माझं ऐक आणि माझ्यावरची माया कायम ठेव.

तुझा,
नरहर


वर्धा
२९ मार्च १९५७

चि. नरहर यास आशीर्वाद.

माझा गुडघा दुखत होता. त्याबद्दल मी यापुढे काही ऐकून घेणार नाही.

ओमप्रकाशला काही सांगू नकोस. त्याच्याबरोबर वर जायचं असतं तर दुसऱ्याच दिवशी गेले असते. तो सकाळी विचारायला आला होता आणि माझी मोटार दुपारची होती. तू झोपला होतास. मी त्याला परत पाठवलं आणि यशोदेबरोबर वाटाणे सोलत बसले. वाटाणे फार गोड होते.

चौरागड झाला. आता जबलपूरचं बघ. तिथे नर्मदेत संगमरवराच्या कड्यांमधून नाव जाते असं ऐकते. चढ नाही, बसून जायचं, आणि दोघांनाही एकाच वेळी बसता येतं. केशवला विचारून नीट कळव, की नावा कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत चालतात, काठापर्यंत उतार किती आहे, उतरायला दगड आहेत की चिखल, आणि नावेत पाठ टेकायला काही असतं का. थंडीत पाण्यावर वारा असेल, तेव्हा दिवाळीच्या मागेपुढे जमतं का पाहा. यशोदेलाही घ्यायचं, ती दर वेळी घरी राहते हे मला पसंत नाही. जिजाबाई येते म्हणते. देव तिथे टेकडीवर आहेत, खाली पाण्यात नाहीत, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे.

तोवर सपाटीवर रोज फीर आणि फिरलास की कळव. नावाड्यानं आपली वयं विचारली तर सांगत बसू नकोस. फारच मागे लागला तर तू माझ्याहून लहान आहेस, एवढंच सांग.

तुझी,
ताई